कशाची उजळणी

शाळेची पितळी पाटी माझ्या दुकानात आली तेव्हा तिच्यावर एकही अक्षर नव्हतं.

शाळेच्या शिपाईमामांनी ती गोणपाटात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आणली होती. टेबलावर ठेवून त्यांनी गोणपाट उलगडलं आणि आम्हा दोघांचे चेहरे तिच्यात लख्ख दिसले. माझी पांढरी बट, मामांची टोपी, मागची ट्यूबलाइट, सगळं. फक्त शाळा दिसत नव्हती. मी पाटी तिरकी करून उजेडात धरली. खालच्या कोपऱ्यात एका काना-मात्रेची खूण राहिली होती, तीही बोटाला लागत नव्हती.

"मामा, काय लिहिलं होतं हिच्यावर?"

"शाळेचं नावच असणार," मामा म्हणाले.

मामा एकोणीस वर्षं रोज सकाळी घंटेच्या आधी ती पाटी एक तास घासत होते. तसा हुकूम होता. हुकूम देणारे केव्हाच निवृत्त झाले, हुकूम नोकरीतच राहिला. घासून गुळगुळीत झालं असं आपण उठसूट म्हणतो. मी त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं. आता सोमवारपासून परीक्षा होती, बाहेरच्या शाळांची मुलं याच इमारतीत बसणार होती आणि त्यांना फाटकावर नाव दिसायला हवं, हे मोठ्या बाईंच्या लक्षात आलं होतं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. कोरायचा मजकूर त्यांनी स्वतः चिठ्ठीवर लिहून पाठवला होता. त्यात 'माध्यमिक'ची वेलांटी त्यांनी दीर्घ काढली होती. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मी ती गुपचूप ऱ्हस्व केली.

माझं काम कोरायचं. दारावरच्या पाट्या, शिल्डं, पदकं, घंटा, कोणाच्या आठवणीत बसवलेल्या बाकांवरच्या पट्ट्या. दुकान सासऱ्यांचं. त्यांनी मला काही शिकवलं नाही, कारण बाईच्या मनगटाला छिन्नी पेलत नाही असं त्यांचं मत होतं. मी त्यांनी बिघडवलेल्या पाट्यांच्या पाठीवर हात बसवला, आणि बिघडवलेल्या पाट्या पुष्कळ होत्या. शाळांशी माझा संबंध म्हणाल तर त्यांची बक्षिसं माझ्या हातून जातात. 'उत्तेजनार्थ' हा शब्द मी इतक्यांदा कोरलाय की डोळे बांधले तरी बिनचूक कोरीन.

सासऱ्यांची एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. कामाची वही. पैशांची नव्हे, हाताची. कोणती वस्तू, कोणतं काम, कोणाचा हात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. कामाचे शब्द दोनच: छिन्नीचं ते कोरणी आणि फडक्याचं ते उजळणी. आणि एक नियम, की हात वस्तूवर असेल तेवढाच वेळ लिहायचा. चहा वजा. गप्पा वजा. रस्त्यावरचं भांडण बघायला दारात गेलात तर भांडणही वजा.

हा नियम एक दिवस आमच्याच मुळावर येईल असं मला वाटलं नव्हतं.

मामा पाटी ठेवून गेले त्याच दुपारी माझी धाकटी बहीण दुकानात आली. ती रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला आहे आणि कामाच्या वेळेत तिथून हलणं काहीतरी घडल्याशिवाय होत नाही. स्टुलावर बसली, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "ताई, खडूला परीक्षेला बसू देत नाहीयेत."

खडू म्हणजे तिची मुलगी. पहिलीत असताना फळ्याखाली पडलेले खडू खायची म्हणून खडू. पुढे उंच, पांढुरकी, वाऱ्याने मोडेल अशी वाढली, तेव्हा नाव बदलायची गरज राहिली नाही. शाळा एकला सुटते, आईबाप संध्याकाळपर्यंत कामावर, म्हणून गेली दोन वर्षं ती दीडला माझ्याकडे येते आणि सहाला जाते. पोरगी हुशार आहे. मावशी म्हणून नाही सांगत. मावशी म्हणून सांगायचं तर ती गोड आहे असं सांगितलं असतं, आणि ती गोड नाही. ती नको तितकी खरी आहे.

बहिणीने जे सांगितलं ते मला तीनदा ऐकावं लागलं, कारण दोनदा माझा विश्वास बसला नाही.

शाळेने या वर्षी एक उजळणी-वही छापून घेतली होती. परीक्षेआधीचे नव्वद दिवस मुलांनी रोज त्यात भरायचे. चार रकाने: तारीख, कशाची उजळणी, तास, आणि पालक किंवा मार्गदर्शकाची सही. नव्वद दिवसांत निदान तीनशे तास. तीनशे भरले नाहीत तर परीक्षेचं प्रवेशपत्र शाळेच्या कपाटातच राहील. प्रवेशपत्रं शनिवारी दुपारी बारापर्यंत मिळणार होती. आज गुरुवार. आणि खडूच्या वहीत, पोरीच्या स्वच्छ बारीक अक्षरात, एकूण लिहिलं होतं: एकसष्ट.

"तू रोज सही करत होतीस ना?" मी विचारलं.

करत होती. रोज. कधी भाजी निवडताना, कधी डोळे मिटत असताना. वही समोर आली की सही. आकडा कोण बघतंय.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बहिणीचा नवरा, आमचे भाऊजी, गावाबाहेरच्या वजनकाट्यावर असतात. ट्रक काट्यावर चढतो, भाऊजी आकडा लिहितात, ट्रक उतरतो. वीस वर्षं हेच केल्यामुळे आकड्याशिवाय कशावर त्यांचा जीव लागत नाही. खडूचा अभ्यासही ते असाच घेत. रोज सात ते दहा तिला टेबलाशी बसवायचं, स्वतः दारात खुर्ची टाकायची, आणि दहाच्या ठोक्याला खुर्ची उचलायची. पुस्तकात काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ट्रकमध्ये काय आहे ते तरी ते कुठे बघतात.

त्या दिवशी ते खोलीत येरझाऱ्या घालत होते. हाताची बोटं मोडून मला सांगत होते की रोजचे तीन तास, नव्वद दिवस, म्हणजे दोनशे सत्तर तास त्यांनी स्वतः, स्वतःच्या डोळ्यांसमोर या मुलीला बसवलं आहे. मग एकसष्ट आले कुठून? बाकीचे गेले कुठे? त्यांच्या बोलण्यात चोरी झाल्याचा भाव होता.

खडू टेबलाला टेकून उभी होती. शांतपणे म्हणाली, "बाबा, भरलेला ट्रक मोजलात की रिकाम्या ट्रकचं वजन वजा करता ना?"

"मग?"

"मी टेबल वजा केलं."

भाऊजी थांबले. हा हिशोब त्यांना कळला होता, त्यांच्याच धंद्यातला होता, आणि म्हणूनच तो त्यांना अजिबात आवडला नाही.

खडूचं म्हणणं साधं होतं. जे येतं ते परत वाचलं तर ती उजळणी नाही, ते नुसतं बसणं. बापाच्या खुर्चीसमोर ती बहुतेक वेळ बसली होती. पानं उलटत होती, कारण पानं उलटली नाहीत तर बाबा घसा खाकरतात. ज्या वेळात खरंच डोक्यात काही गेलं तेवढा तिने लिहिला. मध्ये लक्ष उडालं तर तो वजा. खिडकीतून मांजर बघितलं तर मांजर वजा. हा नियम तिला कुठल्या शाळेने शिकवलेला नव्हता.

भाऊजींनी उपाय काढला होता. नवी कोरी वही आणायची, आणि सगळ्यांनी बसून भरायची. ते सांगतील, खडू लिहील, आई सही करील. तासाभराचं काम. खडूने मान हलवली. बहिणीने तिच्या हनुवटीला हात लावला, रडली, ओरडली, वर्ष वाया जाईल म्हणाली. खडू रडली नाही. मला वाटलं आता ही खोटं बोलणं पाप वगैरे काहीतरी सांगणार, आणि मी वैतागायच्या तयारीत होते. मी तिच्या जागी असते तर पाचशे लिहून वर स्वतःची पाठ थोपटली असती. पण ती वेगळंच म्हणाली.

"एकसष्ट माझे आहेत, मावशी. तीनशे लिहिले की त्यातले एकसष्ट कुठले ते मलाच सापडायचे नाहीत."

मी चहा न घेता घरी आले.

शुक्रवारी सकाळी दुकान बंद ठेवून शाळेत गेले. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर थांबावं लागलं, त्यामुळे व्हरांड्यातला तक्ता नीट बघता आला. प्रत्येक मुलाच्या नावासमोर तासांची रंगीत पट्टी चिकटवलेली. सगळ्यांत लांब पट्टी सहाशे अकरा तासांची, तक्त्यात मावेना म्हणून भिंतीवर गेलेली. मी उभ्या उभ्या गणित केलं. नव्वद दिवसांत सहाशे अकरा म्हणजे दिवसाला जवळजवळ सात. सहा तास शाळा, तीन तास शिकवणी. उरले आठ, त्यांत त्या मुलाने झोपायचं, जेवायचं, अंघोळ करायची, आणि पंधरा वर्षांचं असल्याबद्दल जे काही करायचं असतं ते करायचं. त्याची वही आदर्श म्हणून काचेच्या कपाटात उघडी मांडली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शाई, एकच तिरपा हात, तोही मोठ्या माणसाचा. सहाशे अकरा तास एका दुपारीत उरकलेले होते. त्याच्या आईने घाईघाईत तीस दिवसांच्या महिन्याला एकतीस तारीख बहाल केली होती आणि त्या तारखेलाही पोराने सात तास इतिहास केला होता. खाली लाल शाईत शेरा: 'अनुकरणीय'. मी दुकानात 'उत्तेजनार्थ' कोरते तेव्हा निदान ते मूल खरोखर हरलेलं असतं.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, पाटी कधी होईल ते विचारलं आणि मग खेदाने मान हलवत वहीचं महत्त्व समजावलं. मुलांना शिस्त लागते. पालकांना समाधान मिळतं. वरून कोणी तपासायला आलं तर दाखवायला काही असतं. मी म्हटलं, बाई, तिला सगळं येतं, तुम्ही आत्ता बोलावून काहीही विचारा. बाईंना हे फारच गावंढळ वाटलं असावं.

"परीक्षा सोमवारी आहे," त्या म्हणाल्या. "आज कसं विचारणार?"

मग आवाज खाली आणून त्यांनी मला मार्ग दाखवला. आकडा घरी बसून भरून आणा. पाचशे वह्या आहेत, आत कोण वाचतंय. रकाने भरलेले हवेत, सही हवी, शिक्का हवा असेल तर शिक्का, आणि खाली तीनशे हवेत. पालकांची नसली तर मार्गदर्शकाची सही चालेल. बरीच मुलं शिकवणीवाल्यांच्या सह्या आणतात. मुलगी लिहायला तयार नाही हे मी सांगितलं तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरी काळजी दिसली. त्यांनी विचारलं, तिला घरी काही त्रास आहे का.

येताना मी त्यांच्याकडून कोरी उजळणी-वही मागून घेतली. का ते मलाही ठाऊक नव्हतं. रिकाम्या हाताने बाहेर पडायचं नव्हतं एवढंच.

दीडला खडू नेहमीसारखी दुकानात आली. दप्तर टांगलं, बाही वर केली, पाऊण तास तिच्या कोपऱ्यात वाचत बसली आणि मग फडकं घेऊन टेबलाशी आली. एका जुन्या सोसायटीच्या दाराच्या कड्या होत्या, काळ्या पडलेल्या. ती कामाला लागली. मी शाळेची पाटी पुढे ओढली. कोरायच्या आधी तिच्यावरचा शेवटचा चरा घालवायचा होता, म्हणून कामाची वही उघडली, तारीख घातली, आणि लिहिलं: शाळेची पाटी, उजळणी.

आणि माझा हात तिथेच थांबला.

बाजूला शाळेची कोरी वही पडली होती. रकाना दुसरा. कशाची उजळणी.

मी तो छापील शब्द वाचला, माझ्या हातचा वाचला, परत छापील वाचला. मग कामाच्या वहीची पानं मागे उलटत गेले. पितळी घंटा, उजळणी, हात खडूचा, सव्वादोन ते साडेपाच, चहा वजा. पदकं चाळीस, उजळणी, हात खडूचा. शिल्डं. दिव्यांचे खांब. दाराच्या मुठी. नव्वद दिवस, रविवार सोडून, पोरीचा हात रोज होता. कोणी कुठे खाडाखोड केलेली नव्हती, आणि प्रत्येक ओळीत शब्द तोच.

"खडू," मी म्हटलं, "ते फडकं ठेव आणि इकडे ये. शाळेने तुला काय विचारलंय ते मोठ्याने वाच."

तिने वाचलं. मी तिच्यापुढे कामाची वही सरकवली. ती एकदम हसली नाही. आधी भुवया जवळ आल्या, मग तोंडाचा एक कोपरा हलला.

"त्यांना ही उजळणी नकोय, मावशी."

"त्यांना कुठली हवीय ते त्यांनी छापलेलं नाही. कशाची, एवढंच विचारलंय. तू सांगायचं. काय केलंस ते खरं लिहायचं, जितकं केलंस तितकंच लिहायचं. आणि तुझे एकसष्ट त्यांच्या त्यांच्या तारखांना जसेच्या तसे राहतील. कोणात मिसळणार नाहीत."

तिने थोडा विचार केला. त्या पोरीचा विचार मला दिसतो. खालचा ओठ आत जातो. मग विचारलं, मार्गदर्शक म्हणून सही कोण करणार. मी म्हटलं, दोन वर्षं तुला पितळ कोण शिकवतंय?

आम्ही शेजारी शेजारी बसून उतरवायला लागलो. मी वाचायचं, तिने लिहायचं. इतिहास, पाऊण तास. पितळी घंटा, तीन तास. भूमिती, अर्धा तास. पदकं, साडेतीन तास. मी कुठे मिनिटं तासाच्या बाजूला ढकलायला लागले की ती माझ्याकडे नुसती बघायची, आणि मी मिनिटं जागेवर ठेवायची. पानागणिक मी सही ठोकली आणि वर दुकानाचा शिक्का मारला. शिक्क्यावर 'कोरीव काम व उजळणी' असं सासऱ्यांच्या काळापासून आहे. त्या माणसाचे मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून आभार मानले.

शेवटी तिने बेरीज केली. दोनदा केली. पेन खाली ठेवलं.

"दोनशे नव्याण्णव."

मी कपाळावर हात मारून घेतला. एक तास! म्हटलं, बाळ, घंटेच्या दिवशी तू साडेपाचला उठलीस असं लिहिलंय, मला तर पावणेसहा वाटतात. असे चार दिवस काढले की झालं. खडू उठली, पॉलिशचा डबा घेतला, शाळेची पाटी पुढ्यात ओढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेचार.

मी तिला तासभर बोलू दिलं नाही, कारण बोललं की वजा. ती पाटीवर वाकून गोल गोल हात फिरवत होती, आणि तिचा चेहरा पाटीत तिच्याकडे बघत होता. एका गुळगुळीत, बिनअक्षरी पितळेवर पूर्ण साठ मिनिटं हात फिरवत एक हुशार मुलगी बसली आहे, परीक्षेला तीन दिवस राहिलेले असताना, शाळेचा नियम पुरा करायला. मला हसू यायला हवं होतं. मी छिन्न्यांना धार लावत बसले.

साडेपाचला तिने फडकं ठेवलं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: शाळेची पाटी. एक तास. एकूण तीनशे.

शनिवारी अकरा वाजता आम्ही दोघी मोठ्या बाईंच्या समोर उभ्या होतो. बाईंनी वही मागून उघडली. तीनशे बघितले आणि त्यांचा चेहरा उजळला. तोही उजळलाच म्हणायचं. मग शिष्टाचार म्हणून त्यांनी मधलं एक पान काढलं, आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे पितळ म्हणजे कुठल्या धड्यातलं?"

"मिश्रधातू, बाई," खडू म्हणाली. "तांबं आणि जस्त."

बाई खूश झाल्या. मात्र खडूला तिथे थांबता आलं असतं तर ती खडू कसली. तिने पुढे सांगितलं की पाटीच्या पितळेत जस्त साधारण तिसरा हिस्सा असतं, जास्त झालं तर छिन्नीखाली तडकतं. हाताच्या घामाने पितळ आधी तपकिरी होतं आणि मग काळं, पावसाने हिरवं. आणि लोक पितळी घंटा म्हणतात पण चांगल्या घंटेत जस्त नसतंच, कथील असतं, ते पितळ नव्हे, कासं. बाई मान डोलावत ऐकत होत्या. कथिलापाशी त्यांनी हात वर केला.

"पेपरात एवढं लिहू नकोस हं. पुस्तकात आहे तेवढंच लिहायचं."

मग त्यांनी शेवटची ओळ वाचली. शाळेची पाटी. एक तास. माझ्या तळहाताला घाम आला. चाळीस वर्षं छिन्नी धरताना आला नाही तो.

"अरे वा," बाई म्हणाल्या. "पाटीवर लिहून लिहून केलंस? जुनी पद्धत. हल्ली कोणी करत नाही. खरंच सांगते, वहीपेक्षा पाटीवर पक्कं बसतं."

खडूने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला, आणि हलका दिला असं म्हणणार नाही. बाईंनी शिक्का मारला, शेरा लिहिला, कपाटातून प्रवेशपत्र काढून तिच्या हातात ठेवलं. शेरा मी बाहेर आल्यावर वाचला. 'मनावर घेतलं की जमत.' जमतं मधल्या अनुस्वाराला बाईंनी जागा दिली नव्हती.

भाऊजींना आम्ही प्रवेशपत्र दाखवलं. त्यांनी वही मागितली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट ठेवून बेरीज तपासली, आणि ती बरोबर निघाल्यावर निःश्वास सोडला. रकाना दुसरा त्यांनी वाचला नाही. मध्ये काय आहे ते त्यांच्या काट्यावर येत नाही. बहिणीने वाचला. आतल्या खोलीत जाऊन पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की भाऊजींना वाटलं रडतेय.

सोमवारी सकाळी मी पाटी घेऊन फाटकाशी गेले. रविवारचा दिवस त्यातच गेला होता. अक्षरं नेहमीपेक्षा खोल घेतली, दुप्पट खोल, आणि 'माध्यमिक' माझ्या मनासारखं. चार स्क्रू बसवून होताहोता खडू आत गेली. वळून बघितलं नाही, पण जाताना पाटीवरून बोट फिरवून गेली.

शिपाईमामा डबा आणि फडकं घेऊन हजर होतेच. मी त्यांना समजावलं की मामा, आता रोज नको, पंधरा दिवसांतून एकदा कोरडं फडकं फिरवा, बास. मामांनी ऐकून घेतलं आणि खिशातून एक छोटी वही काढली. त्यांचीही वही होती. तारीख, पाटी, एक तास, कार्यालयाची सही. तास भरला नाही तर सही होत नाही, आणि सही नसली तर त्या दिवशी मामा आलेच नव्हते असं धरतात. मी पान बघितलं. शुक्रवार, एक तास. शनिवार, एक तास.

"मामा, शुक्रवार-शनिवार पाटी माझ्याकडे होती."

"पाटी नव्हती," मामा म्हणाले. "तास होता ना. भिंत पुसली."

दुपारी पेपर सुटायच्या वेळी मी पुन्हा गेले. मामा पाटीपाशीच होते. परीक्षेनिमित्त दुपारीही एक तास, असा नवा हुकूम निघाला होता. मुलं बाहेर आली. कोणी बोटं मोजत, कोणी आईच्या हातातल्या पुस्तकात मान खुपसून, जे होऊन गेलं त्याची उजळणी करत. भाऊजी सुट्टी काढून आले होते आणि घड्याळ बघत होते. खडू शेवटून तिसरी आली.

"कसा गेला?" त्यांनी विचारलं.

"दोन तासांत झाला."

"आणि तिसरा तास?"

"बसवून ठेवलं. उठायचं नाही म्हणाले." तिने माझ्याकडे बघितलं. "वजा केला."

भाऊजींना ते पटलं नाही. तिसऱ्या तासात परत तपासता आलं असतं, बाकीची मुलं शेवटच्या घंटेपर्यंत लिहीत होती, असं ते रस्ताभर सांगणार होते. खडू ऐकत नव्हती. ती मामांच्या मागे उभी राहून पाटी बघत होती. अक्षरांत पॉलिशचा पांढरा लेप अडकला होता आणि त्यामुळे शाळेचं नाव लांबूनही वाचता येत होतं.

"मावशी, किती वर्षं टिकतील ही?"

"मामांनी पाट्या टाकल्या तर चाळीस," मी म्हटलं. "मन लावून केलं तर वीस."

मामांच्या कानावर ते गेलं. त्यांनी वळून आमच्याकडे बघितलं, जरा दुखावल्यासारखं, आणि फडक्यावरचा जोर वाढवला.